संडे ग्रेव्हीसाठी टोमॅटोचा डबा: महागडा इटालियन की साधा कॅलिफोर्नियाचा?

आधी निकाल, कारणं नंतर. संडे ग्रेव्ही म्हणजे इटालियन-अमेरिकन घरांतला, मांस घालून शिजवलेला लाल टोमॅटो सॉस. चार तास मंद आचेवर राहणाऱ्या या ग्रेव्हीसाठी दुप्पट पैसे देऊन डी.ओ.पी. शिक्क्याचे (म्हणजे उगमस्थानाची युरोपियन हमी असलेले) सॅन मार्झानो या इटालियन टोमॅटोचे डबे फोडणं म्हणजे आंबेमोहोर भिजवून इडली करण्यासारखं आहे. बिघडत काही नाही, पण ज्या वासाचे पैसे मोजले तो ताटापर्यंत पोचत नाही. २८ औंसाच्या तीन डब्यांचं पातेलं असेल, तर दोन डबे कॅलिफोर्नियाच्या ग्राउंड, म्हणजे दळलेल्या टोमॅटोचे आणि एक अख्ख्या सोललेल्या टोमॅटोचा, हे माझ्या मते सगळ्यात भरवशाचं प्रमाण. डी.ओ.पी.चा डबा वीस मिनिटांच्या मरिनारासाठी, म्हणजे मांस नसलेल्या झटपट टोमॅटो सॉससाठी राखून ठेवा. आणि ‘डाइस्ड’ (चौकोनी फोडी) लिहिलेला डबा कितीही स्वस्तात मिळत असला तरी शेल्फवरच राहू द्या.

‘ग्रेव्ही’ म्हटलं की मराठी माणसाला हॉटेलातलं पनीर आठवतं. न्यू जर्सी, साउथ फिलाडेल्फिया, ब्रुकलिन, ब्राँक्स इथल्या इटालियन-अमेरिकन घरांत हाच शब्द रविवारी दुपारी दोनच्या सुमारास वाढल्या जाणाऱ्या, मांस घालून शिजवलेल्या लाल सॉससाठी वापरतात. शेजारच्याच घरात त्याला ‘सॉस’ म्हणतात आणि ‘ग्रेव्ही’ म्हणणाऱ्याला वेड्यात काढतात. हा वाद मिटणारा नाही, मिटूही नये. १८८० ते १९२४ या काळात साधारण चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेतले आणि गरीब. गावाकडे मांस सणावारी दिसायचं. इथे ते दर रविवारी परवडू लागलं आणि नेपल्सच्या रागूचं, म्हणजे तिथल्या मांसाच्या सॉसचं भांडं भरत गेलं: डुकराची हाडं, सॉसेज, मीटबॉल, दोऱ्याने बांधलेल्या बीफच्या गुंडाळ्या. अशा पातेल्यात टोमॅटोने काय करायचं असतं? ताज्या टोमॅटोचा जो हिरवट, फुलासारखा वास असतो तो तासाभरात उडून जातो. उरतो तो दाटपणा, गोडी आणि आंबटपणा. डबा निवडायचा तो या तीन गोष्टी बघून.

डब्याचं चित्र बघू नका, मागची घटकांची ओळ वाचा. टोमॅटो, टोमॅटोचा रस किंवा प्युरी, मीठ, फार तर बेझिलचं पान. यापुढे काही लिहिलं असेल तर थांबायचं.

कॅल्शियम क्लोराइड दिसलं तर समजा, हा टोमॅटो विरघळणार नाही. टोमॅटोच्या गरातलं पेक्टिन कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून फोडी डब्यात आणि डब्याबाहेरही टणक राहतात. सॅलडसाठी किंवा साल्सासाठी ते ठीक. ग्रेव्हीत मात्र तीन तासांनंतरही चौकोनी तुकडा उचलून चमच्याच्या पाठीने दाबला तर त्याचे कोपरे शाबूत असतात, आणि सभोवतीचा रस पाणीदार राहतो, कारण त्याला दाट करणारा गर त्या तुकड्यातच अडकलेला. डाइस्डच्या डब्यांत हे जवळजवळ हमखास असतं. अख्ख्या टोमॅटोच्या काही डब्यांतही असतं, म्हणून ‘अख्खा आहे ना, मग चांगलाच’ असं धरून चालू नका.

सायट्रिक ॲसिड हे गुन्हेगार नाही. डबाबंद टोमॅटोचा पीएच ४.६ च्या खाली राहावा लागतो आणि ते त्यासाठीच घालतात. पण चार तास आटवताना पाणी जातं, आम्ल जात नाही. डब्यातून चाखल्यावर जो सॉस ‘जरा चुरचुरीत’ वाटला, तो संध्याकाळपर्यंत जिभेला टोचायला लागतो. मग लोक साखर घालतात. साखरेने आम्ल कमी होत नाही, फक्त झाकलं जातं, आणि गोडसर लाल सॉस ही या पदार्थाची सगळ्यात मोठी थट्टा आहे. त्यापेक्षा चिमूटभर खायचा सोडा बरा: २८ औंसाच्या एका डब्याला एक अष्टमांश चमचा, त्याहून जास्त नाही. फेस येतो, ढवळलं की बसतो. प्रमाण वाढलं तर साबणासारखी चव लागते, तिला उतारा नाही.

तिसरी खूण कंसात दडलेली असते. ‘क्रश्ड’ म्हणजे चुरडलेल्या टोमॅटोच्या डब्यावर घटकांमध्ये ‘टोमॅटो प्युरी’ आणि तिच्यापुढे कंसात ‘पाणी, टोमॅटो पेस्ट’ असं असेल, तर हंगामात आटवून ठेवलेली पेस्ट नंतर पाणी घालून पातळ केलेली आहे. अमेरिकी नियमांनुसार प्युरीत टोमॅटोचे विद्राव्य घन पदार्थ ८ ते २४ टक्के आणि पेस्टमध्ये किमान २४ टक्के लागतात. कागदावर असा डबा आणि ताज्या टोमॅटोचा डबा सारखेच दिसतील. पण एकदा आटवलेला टोमॅटो चार तास पुन्हा आटवला की त्याला उकडलेल्या जामसारखी जड चव येते. ‘पॅक्ड फ्रॉम फ्रेश’ किंवा त्याच अर्थाचं काही लिहिलेलं असेल तर टोमॅटो शेतातून थेट डब्यात गेला आहे. कॅलिफोर्नियाचा हा हंगाम ढोबळपणे जुलै ते ऑक्टोबरची सुरुवात. अमेरिकेतले प्रक्रियेचे नव्वद टक्क्यांहून जास्त टोमॅटो तिथेच पिकतात.

आता सॅन मार्झानोबद्दल, कारण पैसे तिथेच जातात. लांबट, दोन कप्प्यांचा, कमी बियांचा, पातळ सालीचा आणि भरपूर गराचा हा वाण आहे. सोलायला सोपा, म्हणून डब्यासाठी उत्तम. १९९६ मध्ये ‘सॅन मार्झानो देल आग्रो सार्नेझे-नोचेरिनो’ या नावाला डी.ओ.पी. संरक्षण मिळालं. सालेर्नो, अवेलिनो आणि नेपल्स या प्रांतांतल्या ठरावीक गावांत पिकलेला, तिथेच डब्यात भरलेला टोमॅटोच हे नाव लावू शकतो. डब्यावर युरोपियन डी.ओ.पी.चं लाल-पिवळं चिन्ह, उत्पादक संघाचं चिन्ह आणि क्रमांक असतो. आणि हे फक्त दोनच रूपांत मिळतं: सोललेला अख्खा, नाहीतर सोललेल्या उभ्या फाका. ‘डी.ओ.पी. क्रश्ड’ किंवा ‘डी.ओ.पी. प्युरी’ अशी वस्तूच नाही. कुणी विकत असेल तर पुढच्या दुकानात जा.

अमेरिकेत मात्र ‘सॅन मार्झानो’ एवढे दोन शब्द लिहायला कुणाची आडकाठी नाही, कारण ते वाणाचंही नाव आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियात पिकलेला डबाही त्या नावाने मिळतो. तो वाईट असतो असं नाही. तक्रार असेल तर इतकीच, की इटालियन झेंड्याचे रंग बघून आपण जे विकत घेतोय असं समजतो ते तो नसतो. ‘सर्टिफाइड’ हाही वेगळा शब्द आहे. न्यू जर्सीच्याच सेंटो कंपनीचा पिवळा डबा त्या भागात जवळपास प्रत्येक सुपरमार्केटात मिळतो, त्यावर ‘सर्टिफाइड’ आहे. हा शब्द म्हणजे डी.ओ.पी. नव्हे. अख्ख्या टोमॅटोच्या तिसऱ्या डब्यासाठी मी तो बिनधास्त घेईन: गर मऊ, हाताने सहज चुरडला जातो.

ग्राउंड टोमॅटोत माझी पहिली पसंती एस्कॅलॉन कंपनीच्या ‘सिक्स इन वन’ला. दाट प्युरीत दळलेला टोमॅटो, डबा उलटा केला तर ढेपेसारखा हळूहळू घसरत खाली येतो. चव सरळ, गोडीकडे झुकणारी, आंबटपणा मागे. कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टोची स्टॅनिस्लॉस ही कंपनी १९४२ पासूनची. तिचा ‘सेव्हन इलेव्हन’ हा सालीसकट दळलेला टोमॅटो पिझ्झावाल्यांचा लाडका. सालीचे बारीक कण दिसतात, पण दोन तासांत ते जाणवेनासे होतात. अडचण एवढीच, की तो बहुतेक ‘नंबर टेन’च्या मोठ्या डब्यात, म्हणजे जवळजवळ तीन किलोंत आणि हॉटेलांना माल पुरवणाऱ्या ठिकाणीच मिळतो. म्हणजे २८ औंसाच्या तीन डब्यांहून जास्तच. मोठं कुटुंब किंवा मंडळाचं जेवण असेल तर हाच घ्या, चर्चा नको.

अख्ख्या टोमॅटोचा डबा तपासायची एक साधी युक्ती. चाळणीत ओता, दोन मिनिटं निथळू द्या, वजन करा. युरोपातल्या डब्यांवर एकूण वजन ८०० ग्रॅम आणि निथळलेलं ४८० ग्रॅम असं छापलेलं असतं, म्हणजे साठ टक्के. अमेरिकेतला २८ औंसाचा डबा ७९४ ग्रॅमचा, त्यावर निथळलेलं वजन सहसा छापत नाहीत. अर्ध्याहून खूप खाली आलं तर तुम्ही रसाचे पैसे दिलेत. पुण्या-मुंबईत जे आयात केलेले ४०० ग्रॅमचे छोटे डबे मिळतात, त्यांवर २४० ग्रॅम शोधा. असे दोन डबे म्हणजे अमेरिकेतला एक.

हे डबे मिक्सरमध्ये फिरवू नका. मराठी स्वयंपाकघरात हात आपोआप त्या बटणाकडे जातो, म्हणून मुद्दाम सांगतो. पातं फिरलं की हवा मिसळते, सॉस लालऐवजी नारिंगी-गुलाबी दिसतो, आणि बिया फुटून कडवट होतात. अख्खे टोमॅटो मोठ्या भांड्यात घेऊन त्यांच्याच रसाखाली मूठ बुडवून चुरडा, नाहीतर रस भिंतीवर उडतो. देठाकडचा पांढरट कडक गाभा बोटाला लागला की काढून टाका. बियाच नको असतील तर फूड मिलच्या, म्हणजे हाताने फिरवायच्या चाळणीयंत्राच्या मधल्या जाळीतून काढा.

आता पातेलं. सात-साडेसात लिटरचं, जाड बुडाचं. पाव कप ऑलिव्ह तेल. डुकराच्या मानेची हाडं किंवा स्पेअररिब्ज (बरगड्या) ७०० ग्रॅम, मीठ लावून, गर्दी न करता चारही बाजूंनी गडद तांबूस. मग सहा इटालियन सॉसेज, तीन गोड बडीशेपेची आणि तीन तिखट. मग चार ब्राचोले, ज्याला जर्सीतले लोक ‘ब्रझोल’च्या आसपास काहीतरी म्हणतात: बीफच्या टॉप राउंडचे (मांडीच्या मांसाचे) पाच-सहा मिलिमीटर जाडीचे काप, आत पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), पार्सली, लसूण, पावाचा चुरा, कुठे बेदाणे आणि चिलगोजे, दोऱ्याने बांधलेले. सगळं परतून ताटात काढायचं. तळाशी जे तपकिरी चिकटलंय त्यावरच सगळी चव उभी राहते. ते काळं झालं असेल तर मात्र ग्रेव्ही कडू होणार, तेव्हा त्या क्षणी तेल फेकून भांडं पुसा.

त्याच चरबीत एक बारीक चिरलेला कांदा दहा मिनिटं, मग पाच पाकळ्या लसूण अर्धा मिनिट. मग सहा औंसाचा, म्हणजे १७० ग्रॅमचा पेस्टचा अख्खा डबा. ही पायरी बरेच जण उरकून टाकतात आणि मग डब्याची चव येते म्हणून टोमॅटोला दोष देतात. पेस्ट तेलात पसरवून चार-पाच मिनिटं सतत परतायची, लाल रंग विटकरी होईपर्यंत, कडेने तेल सुटेपर्यंत. वाटण परतताना आपण जे बघतो तेच इथे बघायचं. ही खूण कुणाला शिकवायला नको. मग एक कप रेड वाइन, तळ खरवडून, अर्धी आटेपर्यंत. मग तीन डबे. प्रत्येक डबा अर्धा कप पाण्याने विसळून तेही आत.

हाडं आधी, तीन-चार तास. ब्राचोले दोन-अडीच तास. इथे एक गंमत आहे: तासाभराने टोचून बघितलं तर ती चामड्यासारखी लागतात आणि वाटतं की जास्त शिजली. उलट आहे. स्नायू आखडलेले असतात आणि त्यातलं कोलॅजन अजून विरघळायचं असतं. आणखी तासभर दिला की सुरी लागत नाही. सॉसेज शेवटचा दीड तास. मीटबॉल शेवटची ४५ मिनिटं, नाहीतर त्यातला पाव सगळा रस पितो आणि गोळे फुटतात. त्यांचं माप: ४५० ग्रॅम खिमा, दुधात भिजवून पिळलेला ७० ग्रॅम शिळा पाव, एक अंडं, ५० ग्रॅम किसलेलं पेकोरिनो. पाव कमी घातला तर चेंडू होतात.

आच किती? पातेल्याच्या मध्यभागी दर दोन-तीन सेकंदांनी एक बुडबुडा फुटला पाहिजे, त्याहून जास्त नाही. या ‘पुक पुक’ आवाजासाठी नेपल्सच्या बोलीत ‘पिप्पियारे’ असं खास क्रियापदच आहे. झाकण पूर्ण लावू नका, कडेवर लाकडी चमचा आडवा ठेवून फट राहू द्या. गॅसची सर्वांत बारीक ज्योतही मोठी वाटत असेल तर दमाला ठेवतो तसा खाली लोखंडी तवा ठेवा. ग्राउंड टोमॅटो दाट असतो, त्याचे कण तळाशी बसतात आणि दुसऱ्या तासानंतर लागायला वेळ लागत नाही. दर पंधरा मिनिटांनी सपाट लाकडी उलथन्याने तळ ढवळा. लागलंच, तर खरवडू नका, ढवळूही नका. वरचं सगळं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता आणि चिकटलेलं तिथेच सोडा. शक्यतो वाचतं.

झालं कधी? वर नारिंगी तवंग येतो, मिसळीच्या कटासारखा. चमचा ओढला की मागे वाट क्षणभर कोरडी राहते. तवंग सगळा काढू नका, दोन-तीन चमचे ठेवा, मॅकरोनीला तोच चिकटतो. मीठ अगदी शेवटी, कारण डब्यातलं मीठ आटून वाढलेलं असतं आणि वर पेकोरिनो रोमानो पडणार आहे, जे स्वतःच खारट.

ज्यांच्या घरी बीफ-पोर्क चालत नाही त्यांच्यासाठी: मटणाच्या मानेचे तुकडे याच पद्धतीने उत्तम होतात, वेळ तोच. चिकन नको, तासाभरात त्याच्या मांसाचे धागे सुटतात. मांसच नको असेल तर चार तासांचा खटाटोपही नको. तेल, लसूण, डी.ओ.पी.चा तो राखून ठेवलेला डबा हाताने चुरडून, वीस-पंचवीस मिनिटं, बेझिल. इथे त्या महाग टोमॅटोचा वास खरोखर ताटात येतो.

बाटलीतल्या सॉसचं काय? रोचेस्टरचा ‘रागू’ हा ब्रँड १९३७ पासूनचा, ‘प्रेगो’ १९८१ चा. दोन्ही शाळकरी मुलांच्या पास्त्यासाठी ठीक. ‘राओज’ची गोष्ट वेगळी. ईस्ट हार्लेममधलं १८९६ चं हे रेस्टॉरंट, १९९२ पासून बाटल्या विकतंय, २०२४ मध्ये तो धंदा कॅम्पबेलने घेतला. मरिनाराच्या बाटलीत वरून घातलेली साखर नाही, पाणी नाही, पेस्ट नाही. मरिनारा म्हणून महाग पण प्रामाणिक. पण ती ओतून त्यात मांस चार तास शिजवायला गेलात तर ऑलिव्ह तेल वेगळं होऊन तरंगतं आणि आधीच शिजलेला लसूण-ओरेगानो कडवटपणाकडे जातो. फार तर परतलेले सॉसेज घालून अर्धा तास.

वाढताना रिगाटोनी (नळीसारखा पास्ता) ४५० ग्रॅमला पाच माणसं धरा. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढून चार-पाच पळ्या ग्रेव्हीत आणि अर्धा कप पास्त्याच्या पाण्यात घोळवा. मांस वेगळ्या थाळीत नंतर येतं, सॅलड त्याच्याही नंतर. ब्राचोलेचे दोरे मोजून कापा. चार बांधले असतील तर चारांचे निघाले पाहिजेत. आणि उघडून उरलेला टोमॅटो डब्यातच फ्रीजमध्ये ठेवू नका. काचेच्या बरणीत, चार-पाच दिवस.